फ्लँजच्या एका नगाचा कार्बन हिशेब : ईआरपीच्या बीओएममध्ये तो बसवायचा कसा

युरोपातल्या गिऱ्हाइकाकडून आता दरपत्रकासोबत आणखी एक आकडा मागितला जातो : एका नगामागे किती किलो कार्बन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन? भोसरी-चाकणपासून कोल्हापूर-संभाजीनगरपर्यंत फोर्जिंग (तापवलेला धातू ठोकून आकार देणं) आणि मशीनिंग (कापून मापात आणणं) करणाऱ्या अनेक कारखान्यांत हा आकडा वर्षाअखेरीस एक्सेलमध्ये काढला जातो. वर्षभराचं वीजबिल घ्यायचं, एकूण टनांनी भागायचं, की झालं. ही सरासरी अहवालापुरती ठीक, पण नगासाठी तिचा उपयोग नाही. दोन किलोचा साधा जॉब आणि चाळीस किलोचा, तीनदा फर्नेसमध्ये जाणारा जॉब तिच्यात एकाच मापाने मोजले जातात.

नगाचा कार्बन काढायला लागणारी बहुतेक माहिती उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ईआरपीत, आधीच असते. कोणता माल किती लागतो, कोणत्या मशीनवर किती मिनिटं जातात, किती भंगार निघतं, हे सगळं तिथे आहे. ज्या वाटेने नगाची किंमत तळापासून वर चढते, त्याच वाटेने कार्बनही चढवायचा. इथे उदाहरणासाठी मुंबईत तयार झालेली मुक्त-स्रोत ईआरपीनेक्स्ट घेतली आहे. बीओएम (एका नगाला लागणाऱ्या मालाची आणि कामांची यादी), वर्कस्टेशन (मशीनची नोंद) आणि वर्क ऑर्डर (उत्पादनाचा आदेश) असलेल्या कोणत्याही प्रणालीत रचना हीच राहते.

उदाहरणाचा नग : कार्बन स्टीलचा फोर्ज्ड फ्लँज (पाइप जोडायची गोल चकती), तयार वजन ६ किलो. खालची वजनं आणि विजेचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या शॉपचे आकडे मोजूनच घ्या.

आधी सीमा ठरवा, आणि आकडा तीन खणांत ठेवा

हिशेबाची सीमा कच्च्या मालाच्या निर्मितीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत घ्या. माल गेटबाहेर पडल्यानंतरची वाहतूक आणि वापर यात येत नाही. नगाच्या कार्बन हिशेबासाठी आयएसओ १४०६७ हे मानक आहे, आणि ते अशी अर्धी सीमा चालवून घेतं. मात्र ती कुठे थांबते हे स्पष्ट लिहिलं पाहिजे.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा, आणि बहुतेक जण तो चुकवतात. नगाचा कार्बन एकाच रकान्यात साठवू नका. तीन रकाने करा : विकत घेतलेल्या मालाचा, कारखान्यात जाळलेल्या इंधनाचा आणि विजेचा. मालाच्या गुणकासोबत (एका मापामागे किती कार्बन, हा आकडा) पुरवठादाराने थेट आणि विजेचा भाग वेगळा दिला असेल, तर तोही तसाच वेगळा नोंदवा.

कारण प्रत्येक विचारणाऱ्याचा नियम वेगळा आहे. युरोपीय संघाची आयात मालाच्या कार्बनवर आकारणी करणारी कार्बन सीमा व्यवस्था, म्हणजे सीबॅम, १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती देण्यापुरती होती. १ जानेवारी २०२६ पासून तिचा पैशांचा टप्पा सुरू झाला. जकातीच्या यादीतल्या ७३०७ शीर्षकाखालच्या फिटिंग्ज, ७३१८ खालचे नट-बोल्ट आणि ७३२६ खालच्या इतर पोलादी वस्तू तिच्यात येतात. पोलादी मालासाठी तिथे थेट उत्सर्जन धरतात, विजेचं धरत नाहीत. वाहन कंपनीची प्रश्नावली मात्र वीज धरूनच आकडा मागते. सगळं एकत्र मिसळून ठेवलं, तर दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी हिशेब पहिल्यापासून करावा लागतो.

वजनाचा ताळा

गुणक शोधायला बसण्याआधी काटा घेऊन शॉपवर जा. एकाच लॉटचे वीस-पंचवीस नग प्रत्येक टप्प्यावर तोला. आपल्या फ्लँजचा ताळा असा :

- बारमधून खर्ची पडलेला माल : ९.३० किलो
- बँडसॉच्या पात्याखाली गेलेला : ०.१० किलो
- तापवताना स्केल (पृष्ठभागावरचा पापुद्रा) होऊन झडलेला : ०.१४ किलो
- फ्लॅश (डायबाहेर आलेला जादा माल) आणि मधला पंच केलेला तुकडा : १.४० किलो
- फोर्जिंगचं वजन : ७.६६ किलो
- मशीनिंगच्या चिप्स : १.६६ किलो
- तयार नग : ६.०० किलो

बेरीज ग्रॅमपर्यंत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा बारच्या शेवटी उरणारे तुकडे कुठेच नोंदलेले नसतात. सहा मीटरच्या बारमधून ठरलेल्या लांबीचे नग कापल्यावर मागे राहणारा तुकडाही नगांवर वाटायला हवा.

मग सिस्टममध्ये आयटमची मापं तपासा. बार किलोत, तयार माल नगात, आणि तयार आयटमच्या वजनाच्या रकान्यात ६ किलो. बार मीटरमध्ये खरेदी होऊन किलोत खर्ची पडत असेल, तर रूपांतराचा आकडा व्यासाप्रमाणे वेगळा लागतो. ५० मिमी गोल बारचं मीटरमागे वजन सुमारे १५.४ किलो, ६३ मिमीचं सुमारे २४.५. एका आयटमची नक्कल करून दुसरा बनवताना जुना रूपांतर-आकडा तसाच राहतो. मग पैशांचा हिशेब आणि कार्बनचा हिशेब दोन्ही एकदमच बिघडतात.

गुणकांचं वेगळं दप्तर

प्रत्येक आयटमवर थेट आकडा टाकू नका. ईआरपीनेक्स्टमध्ये नवा डॉकटाइप (नोंदींचा प्रकार) बनवा, नाव ठेवा ‘उत्सर्जन गुणक’. त्याचे रकाने : कशाचा, कोणत्या मापामागे, किती किलो, थेट की विजेचा, कुठून मिळाला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू, आणि दर्जा, म्हणजे पुरवठादाराने मोजलेला की सर्वसाधारण. जुनी नोंद कधीही खोडायची नाही. तिची शेवटची तारीख भरायची आणि नवी नोंद करायची. तपासणारा माणूस मागच्या वर्षीच्या लॉटचा आकडा विचारतो, तेव्हा कामाला येते ती हीच नोंद.

सुरुवातीला एवढे गुणक पुरतात :

- वीज : केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडा काढतं. २०२३-२४ साठी तो एका युनिटमागे ०.७२७ किलो होता. हिशेबाच्या वेळी ताजी आवृत्ती घ्या. हा आकडा वीजकेंद्राच्या दाराशी मोजलेला आहे. वाटेतली गळती त्यात नसते, ती वेगळी धरावी लागते. खालच्या उदाहरणात ती धरलेली नाही.
- डिझेल : लिटरमागे २.६८ किलो.
- एलपीजी : किलोमागे २.९८५ किलो.
- पोलाद : पुरवठादाराकडून त्याच्याच गिरणीचा आकडा मागा.

शेवटच्या ओळीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या. भारतीय पोलादाची सरासरी टनामागे अडीच टनांच्या आसपास सांगितली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. तिच्यानुसार तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांखाली उत्सर्जन असेल तरच ते हरित, आणि १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. झोतभट्टीचं पोलाद आणि भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं पोलाद यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मिल टेस्ट सर्टिफिकेटवर (गिरणीच्या तपासणी दाखल्यावर) ग्रेड सारखी दिसली म्हणून कार्बन सारखा नसतो. म्हणून गुणक आयटमला जोडण्याऐवजी आयटम आणि पुरवठादार या जोडीला लावा. दोन गिरण्यांचा एकच ग्रेड येत असेल, तर बॅच हीट नंबरप्रमाणे (भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाचा क्रमांक) ठेवा. उदाहरणात २.३ धरला आहे.

वर्कस्टेशन : पाटीवरचे किलोवॉट वापरू नका

सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या) पाटीवर १५ किलोवॉट लिहिलेले असतात. पण फिनिशिंगच्या पासला ती मशीन चार-सहा किलोवॉटच ओढते. पाटीचा आकडा घेतला तर मशीनिंगची वीज दुप्पट-तिप्पट निघते, आणि पुढे बिलाशी ताळा बसत नाही. क्लॅम्प मीटर किंवा तात्पुरता एनर्जी मीटर लावून एक पूर्ण शिफ्ट मोजा. दोन आकडे हवेत : चालू असतानाची सरासरी आणि उभी असतानाची. हायड्रॉलिक पॅक, कूलंट पंप आणि चिप कन्व्हेयर मशीन थांबल्यावरही वीज खात असतात.

वर्कस्टेशनवर दोन नवे रकाने जोडा, ‘चालू किलोवॉट’ आणि ‘उभे किलोवॉट’. ईआरपीनेक्स्टच्या वर्कस्टेशनमध्ये तासाचा दर वीज, भाडं आणि मजुरी असा विभागलेला असतोच. वीजखर्चाच्या रुपयांवरून युनिटं काढण्याचा मोह मात्र टाळा. दर बदलला की उत्सर्जन बदलल्यासारखं दिसेल.

इंडक्शन हीटर आणि फर्नेस यांना तासाचं माप लागू पडत नाही. तिथे किलोमागे मोजा. फोर्जिंगच्या तापमानापर्यंत बिलेट (बारचा कापलेला तुकडा) नेणाऱ्या हीटरला साधारण ०.३५ ते ०.४५ युनिट किलोमागे लागतं. जुनी, न बदललेली कॉइल किंवा व्यासाला न जुळणारी कॉइल असेल तर त्याहून जास्त. नॉर्मलायझिंग (फोर्जिंग पुन्हा तापवून हवेत थंड करणं) फर्नेसचा आकडा महिन्याच्या एलपीजीला महिन्याच्या चार्ज वजनाने भागून काढा. अर्ध्या भरलेल्या ट्रेने फर्नेस चालवली तरी भिंती आणि ट्रे तेवढ्याच तापतात. त्यामुळे महिन्यागणिक हा आकडा हलणारच.

बीओएममध्ये मांडणी

आता हिशेब. कस्टमाइझ फॉर्ममधून बीओएमच्या मालाच्या तक्त्यात गुणक आणि कार्बनचे रकाने जोडा. ऑपरेशनच्या तक्त्यात युनिटं, इंधन आणि कार्बन, तर मुख्य बीओएमवर तीन बेरजा. गुणाकार सर्व्हर स्क्रिप्टने, बीओएम सेव्ह होण्याच्या क्षणी करा. ब्राउझरमधल्या स्क्रिप्टवर ठेवला, तर एक्सेलमधून आयात केलेल्या बीओएममध्ये रकाने रिकामेच राहतात.

फ्लँजचा हिशेब :

- पोलाद : ९.३० × २.३ = २१.३९ किलो
- बारची आवक, ८०० किमी ट्रकने, टन-किमीमागे ०.१ धरून : ०.७४
- इंडक्शन हीटिंग : ९.२० × ०.४० = ३.६८ युनिट, × ०.७२७ = २.६८
- कापणे, हॅमर, ट्रिमिंग : १.१ युनिट = ०.८०
- नॉर्मलायझिंग : ७.६६ × ०.०३५ = ०.२६८ किलो एलपीजी = ०.८०
- टर्निंग १२ मिनिटं ५.५ किलोवॉटने, ड्रिलिंग ६ मिनिटं ४ किलोवॉटने, शॉट ब्लास्टिंग : मिळून १.६५ युनिट = १.२०
- सामायिक वीज ०.९ युनिट = ०.६५

एकूण २८.२६ किलो. शंभरातले दोन नग रद्द होत असतील तर ०.९८ ने भागा : २८.८४ किलो. तयार मालाच्या किलोमागे ४.८ किलो.

पोलाद एकटंच तीन-चतुर्थांश. फ्लॅश अर्धा किलो कमी झाला तर १.१५ किलो कार्बन वाचतो, म्हणजे जवळजवळ सगळ्या मशीनिंगच्या विजेइतका. एलईडी दिवे लावून दाखवायचा आकडा आणि डाय नीट करून वाचणारा आकडा यांतलं अंतर बीओएम एका नजरेत दाखवते. ती तशी मांडण्याचं खरं कारणही हेच आहे.

मांडताना चार ठिकाणी गफलत होते.

पहिली, सब-असेंब्ली. तिचा स्वतःचा बीओएम असेल तर कार्बन त्या बीओएमच्या बेरजेतून घ्या. आयटमवरही गुणक भरलेला असेल तर तोच माल दोनदा मोजला जातो. स्क्रिप्टमध्ये नियम एकच ठेवा : पोट-बीओएम असेल तर आयटमचा गुणक बघायचाच नाही. विस्तारित मालयादीतून बेरीज करण्याचा सोपा मार्गही टाळा. त्या यादीत फक्त माल असतो, खालच्या पातळीवरच्या ऑपरेशनची वीज त्यात गळून जाते.

दुसरी, नासाडी दोनदा धरणं. ९.३० किलोत रद्द नगांचा हिस्सा आधीच घातलेला असेल आणि बीओएमच्या प्रोसेस लॉसमध्येही दोन टक्के भरले असतील, तर नग उगाच जड दिसतो. वजनाच्या आकड्यात फक्त चांगल्या नगाचा माल घ्या आणि रद्दीकरण एकाच जागी ठेवा. नग कुठे रद्द होतो तेही बघा. फोर्जिंगनंतर रद्द झालेल्या नगावर मशीनिंगची वीज लावायची नसते.

तिसरी, सेटअप. चाळीस मिनिटांचा सेटअप २० नगांच्या लॉटवर वाटला तर नगामागे दोन मिनिटं, २०० नगांवर वाटला तर बारा सेकंद. ऑपरेशनमधला बॅच साइजचा रकाना त्यासाठीच आहे, तो रिकामा सोडू नका.

चौथी, सबमिट केलेला बीओएम. तो बदलता येत नाही. गुणक बदलल्यावर कार्बनच्या रकान्यांना ‘सबमिटनंतर मुभा’ दिली असेल तरच ते नव्याने भरता येतात. भरताना सगळ्यांत खालच्या पातळीपासून वर या, नाहीतर वरच्या बीओएमला खालचा शिळा आकडा मिळतो.

भंगार वजा करायचं का?

इथे वाद होतोच. फ्लॅश आणि चिप्स मिळून तीन किलोंवर माल भंगारात जातो, तो पुन्हा वितळवला जातो, मग त्याचा कार्बन आपल्या नगातून का वजा करू नये?

वजा करू नका. भंगार विकत घेऊन वितळवणारी गिरणी ते जवळपास शून्य ओझ्याने हिशेबात घेते, आणि म्हणूनच तिच्या पोलादाचा गुणक कमी असतो. तुम्हीही वजावट घेतली तर एकाच भंगाराचा फायदा दोघांच्या खात्यात पडतो. बीओएममधल्या भंगाराच्या ओळींना गुणक शून्य ठेवा. त्या ओळी पैशांच्या हिशेबात उणे चिन्हाने येतात आणि किमतीची स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलली की कार्बनही उणे होतो. नगाचा आकडा अचानक पंचवीस टक्क्यांनी उतरला तर आधी हेच तपासा.

बाहेरून करून घेतलेलं काम

हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग जॉबवर्कला जात असेल, तर ती वीज आणि ते इंधन तुमच्या मीटरवर दिसत नाही, पण नगात असतं. सब-काँट्रॅक्टिंगच्या सेवा-आयटमला किलोमागचा गुणक जोडा. जॉबवर्कवाल्याकडे ‘तुमचा कार्बन किती?’ असं विचारलं तर बहुतेकदा उत्तर येत नाही. त्याऐवजी तीन साध्या गोष्टी विचारा : महिन्याला किती युनिटं, किती गॅस किंवा ऑइल, आणि किती टन माल चार्ज केला. भागाकार तुम्ही करा.

प्रत्यक्ष उत्पादनाचा आकडा

बीओएम सांगतो काय व्हायला हवं, वर्क ऑर्डर सांगते काय झालं. प्रत्यक्षासाठी दोन नोंदी लागतात : उत्पादनाच्या स्टॉक एंट्रीत खर्ची पडलेला माल आणि जॉब कार्डवरचा वेळ. स्टॉक एंट्री सबमिट होताना त्या दिवशीचे गुणक लावून बेरीज तयार मालाच्या बॅचवर कायमची लिहून ठेवा. दर वेळी नव्याने मोजणारा अहवाल केला, तर गुणक बदलल्यावर विकून गेलेल्या मालाचाही आकडा बदलेल आणि गिऱ्हाइकाला दिलेल्या कागदाशी जुळणार नाही.

जॉब कार्डवरच्या वेळेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. शिफ्ट संपताना सगळी कार्डं एकदम बंद केली जातात, आणि बारा मिनिटांच्या ऑपरेशनवर चार तास चढतात. प्रमाण वेळेच्या दुप्पट गेलेली कार्डं आपोआप बाजूला पडतील अशी तपासणी लावा. तोवर त्या नगांना बीओएमचीच वेळ धरा.

महिन्याचा ताळा वीजबिलाशी

सगळ्या वर्क ऑर्डरींची युनिटं जोडा आणि बिलाशेजारी ठेवा. समजा बिल ९२,००० युनिटांचं आहे आणि बेरीज ८०,७०० येते. उरलेली ११,३०० युनिटं कंप्रेसर, कूलिंग टॉवर, क्रेन, दिवे आणि उभ्या मशीनची. ती थेट विजेच्या प्रमाणात वाटली तर प्रत्येक नगाच्या विजेवर १४ टक्के चढतात. फ्लँजची थेट वीज ६.४३ युनिट होती, वरचं ०.९ इथूनच आलं.

हा फरक दर महिन्याला १२ ते १६ टक्क्यांत राहिला तर पद्धत बसली. एखाद्या महिन्यात तो तीस टक्क्यांवर गेला, तर हवेची गळती, नोंद न झालेलं काम किंवा चुकीचे किलोवॉट यांपैकी काहीतरी आहे. तो उणे आला तर पाटीचे किलोवॉट कुठेतरी शिरले आहेत.

बिल वाचताना एक काळजी. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरलेल्या मापावर) आकारणी होते, त्यामुळे बिलात ठळक दिसणारा आकडा केव्हीएएचचा असू शकतो. कार्बनसाठी किलोवॉट-तासच घ्या. पॉवर फॅक्टर ०.९७ असेल तर ९२,००० युनिटं केव्हीएएचमध्ये ९४,८४५ दिसतात, म्हणजे तीन टक्क्यांची चूक तिथेच.

छतावरच्या सौर विजेची युनिटं वेगळ्या ओळीत, शून्य गुणकाने. तिचे हरित दाखले विकले असतील तर मात्र ती वीज हरित म्हणून मोजता येत नाही. जनरेटरची युनिटं ग्रिडच्या गुणकाने मोजू नका, डिझेलच्या लिटरवरून मोजा आणि ती इंधनाच्या खणात टाका.

गिऱ्हाइकाला देताना

नुसता ‘२८.८४’ पाठवू नका. सोबत लिहा : माप एक नग, तयार वजन ६ किलो, सीमा कच्च्या मालापासून फाटकापर्यंत, माल, इंधन आणि वीज यांचे तीन वेगळे आकडे, विजेच्या गुणकाचं वर्ष, भंगाराची वजावट घेतलेली नाही, आणि एकूण आकड्यापैकी किती टक्के तुमच्या किंवा पुरवठादाराच्या मोजलेल्या माहितीवर उभे आहेत. पोलादाचा गुणक सर्वसाधारण असेल तर शेवटचा टक्का पंचवीसच्या आसपासच येईल. अशा वेळी पुढचं काम सॉफ्टवेअरमध्ये नसतं. बार पुरवणाऱ्या गिरणीला पत्र लिहून हीटनिहाय आकडा मागा, आणि तो पुढच्या खरेदीच्या अटींमध्ये मिल टेस्ट सर्टिफिकेटच्या शेजारी घाला.